सवय बदलली की विसावा गेला?

२०१८ सालच्या मे महिन्याच्या आरंभी, जपानमध्ये सलग सुट्यांचा आठवडा असतो त्या दिवसांत, टोकियोच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकावरील पेयांची विक्रीयंत्रे एकामागून एक रिकामी पडू लागली. काचेमागील नमुन्याचे डबे जागच्या जागी होते, दिवे जळत होते, यंत्रात कसलाही बिघाड नव्हता. परंतु बटनाबटनावर ‘माल संपला’ ही तांबडी अक्षरे उमटली होती. नाणे टाकावे, बटन दाबावे आणि डबा हाती यावा, यात माणसाचा संबंध तो काय, असे आजवर समजून चाललेल्या प्रवाशांना त्या दिवशी कळले की यंत्रे भरणारे कामगार संपावर गेले आहेत.

एका मोठ्या पेयकंपनीच्या उपकंपनीत हे कामगार नोकरीस होते. लहान मालमोटार चालवावयाची, यंत्रे भरावयाची, नाणी गोळा करावयाची आणि शेजारच्या टोपलीतील रिकामे डबे उचलून न्यावयाचे, हे त्यांचे काम. संपाच्या आधी एप्रिलमध्ये त्यांनी ‘नियमानुसार काम’ हे आंदोलन केले होते. ठरलेल्या वेळेपलीकडे काम करावयाचे नाही आणि एक तासाची विश्रांती पुरेपूर घ्यावयाची, एवढेच त्याचे स्वरूप होते. तेवढ्यानेही यंत्रे रिती होऊ लागली. लाखो लोकांच्या घटकाभर विश्रांतीची सामग्री जे वाहून नेत होते त्यांना स्वतःला विश्रांती नव्हती, आणि ती त्यांनी घेऊ म्हटले तर साऱ्या व्यवस्थेचा हिशेब चुकत होता. त्याच वर्षी याच कंपनीसंबंधी आणखी एक प्रकार उघडकीस आला. एका शाखेच्या व्यवस्थापकाने पगारी रजा हवी असणाऱ्यांना प्रश्नमंजूषा पाठविली होती. सर्व उत्तरे बरोबर येतील त्याला रजा! कायद्याने दिलेला हक्क हा बक्षिसाचा विषय करण्याची ही कल्पकता भांडवलदारी व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात शिकवितात हे पाहिले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. दिवसाकाठी परक्या भाषेतील कितीतरी वाक्ये मराठीत आणावी लागतात, आणि काही वाक्ये अशी असतात की ती मराठीत आणताना त्यांतील लबाडी आपोआप उघडी पडते. जपानमधील विक्रीयंत्रांचा व्यवसाय उतरणीला लागला आहे यासंबंधी व्यापारी पत्रांतून जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास आढळते: ग्राहकांच्या सवयी बदलल्या आहेत. या वाक्याला कर्ता आहे, क्रियापद आहे, व्याकरणाने ते निर्दोष आहे. फक्त सवयी कोणी बदलल्या, कशामुळे बदलल्या आणि कोणाच्या बदलल्या, हे त्यात सांगितलेले नाही. पाऊस आला, वारा पडला, तशा सवयी बदलल्या.

घसरण खरी आहे, आणि ती लहान नाही. २००० साली जपानमध्ये सर्व प्रकारची मिळून सुमारे ५६ लाख विक्रीयंत्रे होती. पेये, सिगारेट, खाद्यपदार्थ, तिकिटे, सारे त्यात आले. म्हणजे दर २३ माणसांमागे एक यंत्र. २०२३ च्या अखेरीस ही संख्या ३९ लाखांच्या आसपास आली. दर ३२ माणसांमागे एक. सर्वांत तीव्र घसरण सिगारेटच्या यंत्रांत झाली. त्याचे तात्कालिक कारण असे की २००८ साली वय सिद्ध करणारे ओळखपत्र दाखविल्यावाचून यंत्रातून सिगारेट मिळेनाशी झाली आणि धूम्रपान करणारे लोक चोवीस तास उघड्या असणाऱ्या साखळी-दुकानांकडे वळले. धूम्रपान कमी झाले याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. आपला प्रश्न पेयांच्या यंत्रांचा आहे. आजमितीस एकूण यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक पेयांचीच आहेत, आणि श्रमिकांच्या रोजच्या जीवनाशी निकटचा संबंध आहे तो त्यांचा.

हा संबंध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जपानमधील सुतार, गवंडी, छपरे शाकारणारे यांच्यात सकाळी दहाला आणि दुपारी तीनला काम थांबविण्याची जुनी रीत आहे. या विसाव्याला ते ‘इप्पुकु’ म्हणतात. शब्दशः अर्थ एक झुरका किंवा एक घोट. ज्याचे घर बांधले जात असे त्या घरची गृहिणी त्या वेळी चहा आणि काही गोडधोड घेऊन येई आणि कारागीर ओट्यावर बसून ते घेत. ही काही धनिकांची उदारता नव्हती. कारागिरांच्या संघटित परंपरेने मिळविलेला तो हक्क होता आणि तो चुकला तर घरमालकाच्या पदरी कुचकामी छप्पर पडण्याचा संभव असे. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकाम मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले, कारागिराचा ठेकेदाराच्या हाताखालील मजूर झाला, चहा घेऊन येणारी गृहिणी दृष्टीआड झाली. दहाचा आणि तीनचा विसावा मात्र कामगारांनी सोडला नाही. चहाच्या जागी आता काहीतरी विकत घ्यावे लागणार होते, आणि ती विक्री करावयास भांडवल तत्परतेने हजर झाले.

१९६२ साली कोका-कोलाने जपानमध्ये आपली पहिली काही शेकडा यंत्रे बसविली. १९६९ साली कोबे येथील उएशिमा कंपनीने दूध घातलेली कॉफी पत्र्याच्या डब्यात भरून बाजारात आणली. या डब्याच्या जन्माची जी कथा कंपनी सांगते ती ऐकण्यासारखी आहे. कंपनीचे संस्थापक रेल्वेच्या फलाटावर काचेच्या बाटलीतील कॉफी पीत होते, तेवढ्यात गाडी सुटण्याची घंटा झाली; बाटली दुकानाला परत करावी लागत असल्याने अर्धी कॉफी तशीच टाकून त्यांना गाडीत चढावे लागले. म्हणून टाकून देता येईल असा डबा! कथा खरी असो वा रचलेली, ती मोठी सूचक आहे. विसावा घंटेने तोडला जातो हे गृहीत धरूनच हा डबा जन्माला आला. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात त्याचा खप वाढला आणि १९७३ साली एकाच यंत्रातून गरम व थंड असे दोन्ही डबे देण्याची सोय निघाली. तांबड्या पट्टीखाली गरम, निळ्या पट्टीखाली थंड. थंडीत उघड्यावर काम करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही सोय किती मोलाची होती हे उत्तर हिंदुस्थानातील हिवाळा काढलेल्या आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. गरम डबा आधी दोन्ही हातांत धरून हात शेकावयाचे आणि मग तो उघडावयाचा.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातील यंत्रांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. डब्यातील गोड कॉफी हे मालमोटारचालक, बांधकाम मजूर, कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार यांचे पेय झाले. साधारण १९० ग्रॅमचा तो डबा चार-पाच मिनिटांत संपतो. झाकण एकदा फोडले की पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे तो उभ्या उभ्या, यंत्राजवळच, सोबत्याशी दोन शब्द बोलत संपवावा लागतो. १९९२ साली एका कंपनीने कामगारांना डोळ्यांपुढे ठेवून नव्या छापाची डबाबंद कॉफी काढली आणि तिला नाव दिले ‘बॉस’. मालकाचे नाव कामगाराच्या खिशातून विकण्याचा हा विनोद जाणूनबुजून केला होता की काय, न कळे.

इथे एक अंतर्विरोध आहे व तो नीट पाहिला पाहिजे. पेय विकणाऱ्या भांडवलदाराला कामगाराच्या दहा मिनिटांच्या विसाव्याची गरज होती. तो विसावा हीच त्याची बाजारपेठ. कामगाराला राबविणाऱ्या भांडवलदाराला तीच दहा मिनिटे खुपत होती. हा संघर्ष जपानचाच आहे असे नाही. आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात चहामळेवाल्यांच्या संघटनेने गिरण्यांतून, खाणींतून, कारखान्यांतून चहाची दुकाने काढण्यास उत्तेजन दिले आणि कामगाराला चहासाठी सुटी द्यावी म्हणून मालकांकडे रदबदली केली, ती काही कामगारांच्या कळवळ्याने नव्हे. मळ्यांतील चहा खपावयास हवा होता. एका भांडवलदाराच्या नफ्याने दुसऱ्या भांडवलदाराच्या घड्याळात अशी फट पाडली आणि त्या फटीतून कामगाराला श्वास घ्यावयास मिळाला.

जपानमध्ये ही फट कशी बुजली? १९९६ पर्यंत तेथील पेयउत्पादकांनी लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या न काढण्याचा स्वयंनिर्बंध पाळला होता, कारण कचऱ्याचा प्रश्न. त्या वर्षी तो उठला आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्यांचा पूर आला. बाटलीला फिरकीचे झाकण असते. ती थोडी प्यावी, बंद करावी, बाजूला ठेवावी, तासाभराने पुन्हा एक घोट घ्यावा. बाटली घेतलेला माणूस यंत्रापाशी थांबत नाही. तो बाटली घेऊन कामाच्या जागी परत जातो. २०१७ साली त्याच ‘बॉस’ कंपनीने बाटलीतील पातळ कॉफी काढली, ती कार्यालयांत संगणकापुढे बसून दिवसभर घोट घोट पिणाऱ्या नोकरदारांसाठी. आणि तिचा खप वाढला. ग्राहकांची चव बदलली, गोड घट्ट कॉफीऐवजी त्यांना पातळ, बिनसाखरेचे पेय आवडू लागले, असे त्यावर भाष्य झाले. त्यात तथ्य आहेच. साखर कमी खावी ही जाणीव जपानी जनतेत वाढली आहे, बिनसाखरेच्या हिरव्या चहाच्या बाटल्या घरोघरी गेल्या आहेत, आणि घरून पाण्याची बाटली आणणारेही पुष्कळ झाले आहेत. या गोष्टी चांगल्या आहेत. परंतु पातळ कॉफी चार मिनिटांत पिऊ नये असा काही नियम नाही. ती दिवसभर पुरविली जाते कारण उठून जाण्याची चार मिनिटे उरलेली नाहीत. पेय विकणाऱ्याने जुना वाद मिटविला तो असा: विसाव्यात विकता येत नसेल तर कामाच्या वेळातच विकावे. आता दोन्ही भांडवलदारांचे हितसंबंध जुळले.

खाण्याच्या बाबतीतही हेच घडले. २००२ पासून एका मिठाई कंपनीने कार्यालयांतून बिस्किटे, चॉकलेटे, खारे पदार्थ यांनी भरलेली लहान कपाटे ठेवण्यास आरंभ केला. पैसे टाकण्यासाठी बेडकाच्या आकाराची पेटी. हवे ते घ्यावे आणि १०० येनचे नाणे बेडकाच्या तोंडात टाकावे. पाहारा नाही, विश्वासावर व्यवहार. प्रथम वाचले तेव्हा प्रस्तुत लेखकालाही ही कल्पना गोड वाटली होती. आजही तिच्यातील प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही; लोक पैसे टाकतात. पण दुपारी तीनचा विसावा, जो एके काळी अंगणात, ओट्यावर, निदान जिन्याखालच्या यंत्रापाशी तरी होत असे, तो आता खुर्चीतून न उठता उरकला जातो. ‘तीनचे खाणे’ ही जपानी मुलांच्या आणि मोठ्यांच्या बोलण्यातली जुनी गोष्ट आहे. खाणे राहिले, तीन वाजणे गेले.

पैशाची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. १९८० च्या दशकात यंत्रातील डबा १०० येनला मिळे. यंत्र १ येनचे आणि ५ येनचे नाणे घेत नाही. त्यामुळे किंमत वाढवावयाची तर ती एकदम १० येननेच वाढते. एप्रिल २०१४ मध्ये जपान सरकारने उपभोग कर ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेला. १२० येनच्या डब्यावर याचा बोजा हिशेबाने साडेतीन येनहून कमी येतो; बऱ्याच यंत्रांत किंमत १३० येन झाली. न्यू यॉर्कमधील हॉर्न अँड हार्डार्टच्या नामांकित उपाहारगृहांत १९५० साली असेच घडले होते. तेथे भिंतीतील काचेच्या कप्प्यांत पदार्थ मांडलेले असत, ५ सेंटचे नाणे टाकले की कप्पा उघडे आणि नळातून कॉफी येई. कॉफी परवडेनाशी झाली तेव्हा यंत्राला ५ सेंटचेच नाणे कळत असल्यामुळे ५ ची किंमत एकदम १० करावी लागली आणि गिऱ्हाइके दुरावली. (त्या भिंतीच्या पलीकडेही रिकामे कप्पे भरणारे हात होतेच, ते दिसू नयेत ही तर त्या भिंतीची मुख्य कामगिरी होती. शेवटचे उपाहारगृह १९९१ साली बंद झाले.) जपानमध्ये आज डबा १४० येनच्या पुढे गेला आहे. दुसरीकडे कामगारांचे वास्तव वेतन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेथे होते तेथे ते पुन्हा पोचलेले नाही, आणि २०२२, २०२३ व २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षे ते घटले. तेच पेय मोठ्या बाजारात किंवा औषधांच्या दुकानात बऱ्याच कमी दराने मिळते. तेव्हा मजूर यंत्रासमोरून तसाच पुढे जातो आणि सकाळी स्वस्त दुकानातून घेतलेली बाटली पिशवीतून काढतो. याला ‘आवड बदलली’ म्हणावयाचे असेल तर पायात चप्पल नसलेल्या माणसालाही अनवाणी चालण्याची आवड आहे असे म्हणता येईल.

यंत्र आणि किंमत यांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण नोंदवून ठेवतो. १९९९ साली कोका-कोलाचे तत्कालीन प्रमुख डग्लस आयव्हेस्टर यांनी एका ब्राझिली साप्ताहिकाशी बोलताना, हवेतील उष्मा ओळखून त्याप्रमाणे किंमत वाढविणाऱ्या यंत्राची कल्पना मोठ्या उत्साहाने मांडली होती. ऊन जास्त, तहान जास्त, म्हणून दर जास्त. लोकांचा इतका संताप झाला की कंपनीला ते प्रकरण घाईघाईने गुंडाळावे लागले. आज भाड्याच्या मोटारीचा दर पावसात दुप्पट होतो आणि कोणी संतापत नाही.

यंत्रांकडून गेलेले गिऱ्हाईक जेथे गेले त्या साखळी-दुकानांत मात्र सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. जपानमध्ये अशी ५५ हजारांच्या आसपास दुकाने आहेत. २०१३ च्या जानेवारीत त्यांतील सर्वांत मोठ्या साखळीने गल्ल्यापाशी ताज्या कॉफीचे यंत्र बसविले आणि पेला १०० येनला देऊ केला. पत्र्याच्या डब्याच्या मर्मावर तो घाव होता. या दुकानांचा गल्ला सांभाळणारे, भजी-कोंबडी तळणारे, रात्री दोनला आलेल्या मालाच्या पेट्या उचलणारे कोण आहेत? मोठ्या शहरांत त्यांतील पुष्कळ जण नेपाळ, व्हिएतनाम आदी देशांतून शिक्षणासाठी म्हणून आलेले तरुण आहेत. कायद्याने त्यांना आठवड्यास २८ तासच काम करता येते. तेवढ्या कमाईत फी, भाडे आणि घरी पाठवावयाचे पैसे भागत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. दुकानदारही बहुधा नावाचाच मालक. २०१९ च्या फेब्रुवारीत ओसाकानजीकच्या एका दुकानदाराने, हाताखाली माणसे मिळेनात म्हणून, दुकान रात्री बंद ठेवावयास सुरुवात केली. तेव्हा चोवीस तासांचा करार मोडल्याबद्दल मूळ कंपनीने त्याच्यापुढे दंडाची भाषा काढली. यंत्र झोपत नाही म्हणून ते सोयीचे, असे एके काळी म्हणत. यंत्राची जागा दुकानाने घेतली तेव्हा यंत्राचे न झोपणेही दुकानातील माणसाच्या वाट्यास आले.

आता पुन्हा त्या मालमोटारीतील कामगाराकडे वळू. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांची एक पेटी १२ किलोहून जड भरते. अशा पेट्या हातगाडीवरून, हातगाडी जात नसेल तेथे हातांवरून, जिने चढून न्यावयाच्या. यंत्र उघडावयाचे, रांगा भरावयाच्या, काच पुसावयाची, सुटी नाणी घालावयाची, कचरा उचलावयाचा. मग पुढचे यंत्र. हिवाळा आला की निळ्या रांगा तांबड्या करावयाच्या आणि उन्हाळा आला की उलट. नोव्हेंबर २०२१ मध्ये नवे ५०० येनचे नाणे आले आणि जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा. ती ओळखता यावीत म्हणून यंत्रांचे भाग बदलावे लागले, आणि जेथे खप थोडा होता तेथे भाग बदलण्याऐवजी यंत्रच उचलले गेले. एप्रिल २०२४ पासून मालमोटारचालकांच्या जादा कामाला वर्षाकाठी ९६० तासांची मर्यादा आली. व्यापारी पत्रांनी तिला ‘२०२४ ची समस्या’ असे नाव दिले. चालक वर्षानुवर्षे हजार तासांहून अधिक जादा काम करीत होते ती समस्या नव्हती. ते थांबवावे लागणार ही समस्या! चालक मिळत नाहीत, म्हणून कंपन्या आता दुरून यंत्रातील शिल्लक कळेल अशी साधने बसवीत आहेत आणि फेऱ्या कमी करीत आहेत. साधन स्वतः वाईट नाही. रिकाम्या फेऱ्या वाचल्या तर कामगाराचे श्रम वाचावेत. होते असे की वाचलेल्या फेऱ्यांच्या जागी त्याच माणसाकडे आणखी यंत्रे सोपविली जातात.

तात्पर्य काय, तर यंत्रे कमी होण्याची कारणे म्हणून जी दहा कारणे सांगितली जातात त्यांतील बहुतेक खरी आहेत. पण ती सारी एकाच ठिकाणाहून निघतात. विकत घेणाऱ्याजवळ वेळ आणि पैसा उरला नाही, व भरणाऱ्याजवळ अंगात त्राण उरले नाही. २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई झाली तेव्हा टोकियोचे उजव्या विचारांचे राज्यपाल शिन्तारो इशिहारा यांनी विक्रीयंत्रे ही उधळपट्टी आहे म्हणून त्यांच्यावर तोफ डागली होती. यंत्रांनी वीज खावी की नाही याची चर्चा त्या वर्षी सर्वत्र झाली. यंत्राशी उभे राहणाऱ्या माणसाला चार मिनिटे मिळावीत की नाहीत, ही चर्चा झाली नाही.

आपल्या देशात अशा यंत्रांनी कधी मूळ धरले नाही, आणि यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. इथे माणूस यंत्राहून स्वस्त आहे. चहाची किटली आणि पेल्यांची जाळी घेऊन चार मजले चढणारा पोरगा ज्या देशात आहे तेथे यंत्र बसविण्याचा खर्च कोण करील? परंतु प्रश्न यंत्राचा नसून विसाव्याचा आहे असे एकदा लक्षात घेतले म्हणजे जपानची ही कहाणी दूरची राहत नाही.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर जे प्रदीर्घ प्रकरण लिहिले आहे, त्यात इंग्लंडमधील कारखाना-निरीक्षकांच्या अहवालांतून गिरणीमालक जेवणाच्या सुटीतील मिनिटे कशी कुरतडीत त्याचे दाखले दिले आहेत: पाच मिनिटे आधी, पाच मिनिटे नंतर. मुंबईच्या गिरण्यांतही तेच चाले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज केला, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच रोज भर दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. रविवारची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते. त्या अर्ध्या तासाची फारशी कोणाला नसते. १८९१ च्या कारखाना कायद्याने तो अर्धा तास मिळाला. १९४८ च्या कायद्यात सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी निदान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे असे कलम होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने या कायद्यात ज्या दुरुस्त्या मंजूर केल्या त्यांत कारखान्यातील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा होती. तिच्यावर कामगार संघटनांनी आवाज उठविला आणि तो उठविणे अवश्यच होते. त्याच दुरुस्त्यांत विश्रांतीपूर्वीचे पाच तास सहा करावे असेही होते. त्याची वाच्यता त्या मानाने फार थोडी झाली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू होऊन १९४८ चा कायदाच गेला, आणि नव्या संहितेत विश्रांती किती तासांनी व किती वेळ द्यावयाची हे सरकारच्या अधिसूचनेवर सोपविले आहे. म्हणजे पूर्वी जे संसदेच्या कायद्यात होते ते आता सचिवालयाच्या कागदावर येईल. आपल्या कारखान्याच्या दारावरील वेळापत्रकात तो कागद काय फरक करतो याकडे शाखांनी आतापासून लक्ष ठेवले पाहिजे. सकाळी सातला पाळीवर चढलेल्या कामगाराला जुन्या कायद्याप्रमाणे बाराच्या आत थांबू द्यावे लागे. सहा तासांच्या हिशेबाने त्याला एकपर्यंत यंत्रापाशी उभे ठेवता येते. लोखंडे यांच्या अर्जातील अर्धा तास दुपारी बाराचा होता.